भादव्यात आलेली

१

सिकंदराबादेच्या बाहेरच्या अंगाला बियाणे तपासणीची एक खाजगी प्रयोगशाळा आहे. राजेश्री तिथे पाच वर्षांपासून नोकरीला होती. काम मोजण्याचे. कापसाचे शंभर बी ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात उभी ठेवायची, चौथ्या दिवशी उलगडून मोजायची आणि बाराव्या दिवशी पुन्हा. किती उगवले, किती वेडेवाकडे निघाले, किती मेलेले, हे वहीत भरायचे. पाच वर्षांत तिचा आकडा एकदाही दुरुस्त करावा लागला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला मनातून थोडा अभिमान होता.

संध्याकाळी सातला ती गावी फोन करी. पलीकडे तिची आई, कडूबाई. पूजेत आधी स्नान, मग गंध, मग फूल हा क्रम जसा चुकत नाही, तसे कडूबाईंचे तीन प्रश्न चुकत नसत.

"जेवलीस का?"

"दार लावलंस का?"

"कधी येतीस?"

तिसऱ्या प्रश्नाला राजेश्रीजवळ क्वचितच नीट उत्तर असे. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेई, आणि फोन ठेवल्यावर घटकाभर तिला जेवण गोड लागत नसे. तरी तो प्रश्न ऐकल्यावाचून दिवस पुरा झाल्यासारखेही वाटत नसे.

त्या वर्षी भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मायने दोनच प्रश्न विचारले.

राजेश्री थांबून राहिली. पलीकडे माय समाधानाने म्हणाली, "बरं मंग, ठेव," आणि फोन बंद झाला.

२

राजेश्रीचे गाव परभणी जिल्ह्यातल्या मानवतपासून रिक्षाने अर्ध्या तासावर. विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि चोविसाव्या वर्षी नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा ती एक पेटी घेऊन माहेरी परत आली. वडील माणिकराव जुने टाळकरी, फार न बोलणारे. त्यांनी तिला परभणीला कृषी विद्यापीठात पदविकेला घातले. पुढे नोकरीचे पत्र आले, त्या दिवशी माय चुलीपुढून उठली नाही. "एकदा गेलीस ते मी लावून दिलं म्हनून. आता तू तुझ्या पायानं चाललीस," एवढेच ती म्हणाली. तिसऱ्या वर्षी माणिकराव गेले. धाकटा भाऊ भागवत आणि त्याची बायको बबिता हंगामभर शेतातल्या खोपटात, आखाड्यावरच राहत, आणि गावातल्या घरात माय दिवसच्या दिवस एकटी असे.

राजेश्रीच्या मनात आता एकच गोष्ट होती: मायला आपल्याकडे आणायचे. त्यासाठी तिने दोन खोल्यांचे घर घेतले होते. माय दर वर्षी म्हणे, "पुढल्या साली."

दर वर्षी महालक्ष्म्यांना राजेश्री घरी जाई. यंदा हंगामाचे नमुने तुंबले होते आणि रजा मिळाली नाही. आवाहनाच्या दिवशी काय घडले, ते बबितानेच तिला फोनवर हसत हसत सांगितले.

घरातली सवाष्ण ज्येष्ठेचा मुखवटा ताटात घेऊन तुळशीपासून हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत येते. उंबऱ्याच्या आत उभी असलेली बाई विचारते, "कोण आली?" येणारी सांगते, "महालक्ष्मी आली." मग तिला कोठी, चूल, देवघर सगळे फिरवून दाखवायचे, आणि प्रत्येक दाराशी हेच विचारायचे, हेच सांगायचे. पाच वर्षे मुखवटा राजेश्रीच्या हातात असे आणि विचारायला माय उभी राही. यंदा ताट बबिताच्या हातात होते.

"आत्याबाईनं इचारलं, कोन आली," बबिता सांगत होती. "मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हनल्या, राजेश्री आली. बाया हासल्या. मला वाटलं, सवयीनं गेलं असंल. तर वन्सं, कोठीच्या दाराशी तेच. चुलीपाशी तेच. देवाम्होरं पन तेच. मी आपली चालत ऱ्हायले. ताट जड असतंय."

"मग कोणी दुरुस्त नाही केलं?"

"कोन करनार? रडायलत्या त्या."

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे अक्षता टाकल्या, मुखवटे जागचे हलवले, ज्येष्ठेला आणि कनिष्ठेला नावे घेऊन निरोप दिला.

हाक मारली की देव येतो, ही आपल्या सगळ्या भक्तीची पायाभरणी आहे. हाकेला जे येते ते देवच असते की काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

३

पंधरा दिवस राजेश्रीने तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. मग एके दिवशी तिने आपणच विषय काढला.

"माय, दिवाळी झाली की येईन मी. चार दिवस."

"ये की," माय म्हणाली. जणू शेजारीण साखर मागायला येते म्हणाली होती.

"तुला करमतंय का?"

"न करमाया काय झालं? मघा दुपारीच तर तुला सांगलालते, गाय आटली म्हनून."

"दुपारी मी कामावर होते, माय. फोन नव्हता केला."

"फोन कुटं म्हनलं मी?" माय म्हणाली आणि हसली. ते हसणे राजेश्रीने वडील गेल्यापासून ऐकले नव्हते.

राजेश्री हिशेबी डोक्याची होती. मायचे वय सत्तरीला आले, साखरेचा आजार दहा वर्षांचा, घरात बोलायला माणूस नाही. असे मन आपल्याशीच बोलू लागले तर त्यात नवल काय? प्रयोगशाळेतल्या नांदेडच्या प्रियांकाला तिने विचारले, तेव्हा प्रियांकानेही तेच सांगितले. डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून घे, म्हणाली.

तिने बबिताला फोन केला.

"तब्येत लय सुदरली वन्सं," बबिता म्हणाली. "दोन दोन भाकरी खायल्यात. साखर तपासली मानवतला, तर डाक्टरच म्हनला, आजी काय करायलात सांगा, दुसऱ्याला सांगतो." मग थोडे थांबून तिने पुढे सांगितले, "ताटं दोन मांडतेत. ते आसू दे. म्हाताऱ्या मानसाचं मन. पर तुमचं हिरवं लुगडं हाय ना, पेटीतलं? ते रोज दोरीवर वाळत आसतंय. वल्लं. मी म्हनलं, आत्याबाई, नेसत न्हाई कोन तर धुता कामून? तर म्हनल्या, नेसत न्हाई कशी?"

"आणि ताट? दुसऱ्या ताटातलं अन्न?"

"ताट घासलेलं आसतंय, वन्सं."

४

आश्विनातल्या एका रविवारी बबिता आखाड्यावरून गावातल्या घरी आली होती. राजेश्रीने तिला चेहरा दिसणारा फोन लावायला सांगितला.

सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात ऊन होते. माय बाजेवर बसून शेंगा फोडत होती आणि खरोखरच तिच्या गालांवर मांस आले होते. बबिताचा हात फोन धरून हलत होता. मागे ओसरी, ओसरीमागे चुलीच्या खोलीचे उघडे दार आणि दारात अंधार.

"बघ, कशी झाले," माय म्हणाली. "बबिता म्हनती, नजर लागंल."

राजेश्री हसली, आणि हसता हसता ऐकू लागली. चुलीच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

प्रत्येक बाईची भाकरी थापायची लय वेगळी असते. राजेश्रीची लय लहानपणापासून सगळे ओळखत. चार थापा, एक विसावा, तीन थापा, मग परातीवर भाकरी फिरवल्याची घसट. तिला मोजण्याची सवय होती. तिने मोजले. चार, विसावा, तीन, घसट. पुन्हा चार.

"बबिता, भागवत आलाय का घरी?"

"न्हाई, कापसाची येचनी चालू हाय. दोघीच हाव आमी."

"मग आत कोण आहे?"

बबिताने मान वळवून आत पाहिले. "कोन न्हाई की."

"भाकरी कोण थापतंय?"

"कुटं?" बबिता म्हणाली. ती काही लपवत नव्हती. तिला ऐकू येतच नव्हते.

माय शेंग फोडता फोडता म्हणाली, "राजी, पुरं कर गं आता. दोनीनं भागतंय आपलं."

ती फोनकडे पाहून बोलली नव्हती. आतला आवाज थांबला.

५

कार्तिक लागला तशी राजेश्रीने चार दिवसांची रजा काढली. रात्रीच्या गाडीने ती परभणीला उतरली, उजाडल्यावर एसटीने मानवतला आली आणि तिथून पंडितच्या रिक्षाने गावाला. पंडित तिच्या वर्गातला. वाटभर तो कापसाचा भाव, सरपंच आणि स्वतःचे गुडघे यांवर बोलत होता. घराजवळ उतरवून देताना मात्र तो म्हणाला, "राजाक्का, तू कधी गेलतीस?"

"पाच वर्षं झाली की."

"तसं न्हाई. परवा तुळशीला पानी घालतानी दिसलीस मला वाटलं." त्याने डोके खाजवले. "दुसरं कोन आसंल. चष्मा बदलायचाय."

माय ओसरीवर होती. राजेश्री दारात उभी राहिली, हातात दोन पिशव्या, तोंडावर प्रवासाची धूळ. दर वर्षी या क्षणी माय उठून येई, भाकरतुकडा ओवाळून टाकी, आणि तिचे दोन्ही हात धरून काही वेळ नुसती उभी राही.

"हात धू," माय म्हणाली. "ताट वाढलंय."

बस, एवढेच. परसातून आत आलेल्या माणसाला म्हणावे तसे.

राजेश्री जेवली. मग घरभर हिंडली. घर पूर्वीइतकेच स्वच्छ होते, किंबहुना अधिक. देवघरात समई घासलेली, विठ्ठल-रखुमाईच्या पायाशी तुळस ताजी. कोठीजवळ तिची पेटी होती, तिच्या कडीवर धूळ नव्हती. फणीत लांब काळे केस अडकले होते. मायचे केस पांढरे होते, बबिताचे आखूड, आणि राजेश्रीच्या केसांत दोन वर्षांपासून रुपेरी तारा आल्या होत्या.

भिंतीवर दिनदर्शिका होती. मायला अक्षर येत नसे. राजेश्री जायला निघाली की तो दिवस विचारून माय त्यावर कुंकवाचे बोट लावी, आणि पुढे रोज एक बोट, लेक परत येईपर्यंत. राजेश्रीने पाने उलटली. जानेवारीपासून कुंकवाची बोटे ओळीने चालत आली होती, एकही दिवस न चुकता. भाद्रपदात, आवाहनाच्या तारखेवर ती थांबली होती. त्यापुढची पाने कोरी होती.

तिला जे वाटले त्याला भीती म्हणता येणार नाही. आपली वाट पाहणे संपले आहे, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळले.

६

दुसऱ्या दिवशी ती आखाड्यावर जाऊन भागवत-बबिताला भेटून आली. उद्या पहाटे निघते, माय आली तर घेऊन जाते, असे सांगितले. भागवत म्हणाला, "अक्का, ती यायची न्हाई. पर बघ इचारून."

दिवेलागणीला माय काकड्यासाठी वाती वळत बसली होती. कार्तिकात गावच्या देवळात पहाटे काकडआरती होते, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत कडूबाईंची एकही पहाट चुकली नव्हती. राजेश्री तिच्यासमोर बसली.

"माय, मी तुला न्यायला आले. दोन खोल्या घेतल्या. गल्लीच्या टोकाला पांडुरंगाचं देऊळ हाय, आपल्या बाया भजनाला येतेत. चल माझ्यासंग."

"आन् घर?"

"भागवत हाय की."

"त्यो आखाड्यावर. राजी एकटी पडंल घरात."

राजेश्रीने तिचा हात धरला. हात उबदार होता, कापसाचे तंतू बोटांना चिकटले होते.

"माय, माझ्याकडं बघ. मी राजी हाय."

मायने पाहिले. नीट, मायेने, वेड्या माणसाच्या डोळ्यांत असते तसली भटकी नजर त्यात नव्हती.

"व्हय. तू पन हायेस," ती म्हणाली. "तू नौकरीवाली. तुला जावं लागतंय. मी काय म्हनलं का कधी, जाऊ नको म्हनून? म्हनलं आसंल, तवा म्हनलं. आता न्हाई म्हनत. जा, सुखानं ऱ्हा."

"आणि ती?"

"ती कुटं जाती?"

"कोण हाय ती, माय?"

मायने चुलीच्या खोलीकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "हळू बोल. मनाला लावून घेती."

चुलीच्या खोलीत भांडे ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मांजर असेल, राजेश्रीने स्वतःला सांगितले. उंदीर असेल. घरे वाजतात. तिला डॉक्टरांचा पत्ता आठवला, तो तिने डायरीत लिहून ठेवला होता, आणि त्या पत्त्याला ती मनाने घट्ट धरून बसली.

"चार दिवस तर चल. तब्येत दाखवू. न्हाई आवडलं तर मी आणून सोडते."

माय बराच वेळ वात वळत राहिली. वात चांगली झाली होती तरी वळत राहिली.

"बघू सकाळी," ती म्हणाली.

७

पहाटे राजेश्रीला जाग आली तेव्हा देवळात मृदंग सुरू झाला होता. मायचे अंथरूण गुंडाळून भिंतीशी लावलेले होते. चुलीच्या खोलीतून तांब्या-बादलीचा आवाज येत होता. म्हणजे माय घरातच आहे, काकड्याला गेलेली नाही. आपल्याबरोबर यायचे म्हणून तिने काकडा सोडला. या विचाराने राजेश्रीला इतके भरून आले की ती काही न बोलता भराभर आवरू लागली. उगीच विचारून मायचे मन फिरायला नको.

पंडितने बाहेर भोंगा वाजवला. राजेश्रीने पिशव्या रिक्षात ठेवल्या आणि चपला घालूनच दारापर्यंत परत आली. चपलांनी उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून तिने बाहेरूनच आतल्या अंधारात हाक मारली.

"माय, चल. रिक्षा आली."

आतून उत्तर आले, "आले."

मग माय बाहेर आली. कपाळापर्यंत पदर, काखेत बोचके. तिने देवघराकडे वळून पाहिले नाही. राजेश्रीने दार ओढून कडी लावली.

पंडित त्या दिवशी फारसा बोलला नाही. मायला त्याने रामराम घातला नाही, माय काही म्हणाली नाही. थंडी होती, झोपेची वेळ होती. देवळावरून रिक्षा गेली तेव्हा आत दिवे होते, टाळ चालले होते आणि बायांचा आवाज चढला होता. राजेश्रीने हात जोडले. मायचे हात बोचक्यावर तसेच राहिले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. बासरच्या अलीकडे गाडी गोदावरीच्या पुलावर आली आणि डब्यातले लोक उठून हात जोडू लागले. दंडवत घातल्याशिवाय कडूबाईंनी गंगा कधी ओलांडली नव्हती. वडिलांच्या अस्थी सोडल्या त्या दिवसापासून तर पाण्याकडे पाहून त्यांचे डोळे भरत.

"माय, गंगा आली."

मायने पाण्याकडे पाहिले. मग राजेश्रीकडे पाहिले, आणि मुलाने दाखवलेली वस्तू पाहून आपण हसतो तसे हसली.

८

पुढचे तीन दिवस राजेश्रीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

ती कामावरून येई तेव्हा घरात दिवा असे. ताट वाढलेले असे. जेवण तेच, पाच वर्षे ज्याची आठवण काढली ते, मिठाच्या खड्यापर्यंत तेच. माय फार बोलत नसे, पण ऐके. राजेश्री तिला कागदाच्या गुंडाळ्यांविषयी सांगे, साहेबांविषयी, त्या पहिल्या वर्षाविषयी, जेव्हा ती रोज रात्री रडत असे आणि फोनवर मजेत आहे म्हणून सांगे. पाच वर्षांत न सांगितलेले सगळे तिने सांगितले. माय मान हलवी. घरचा, भागवतचा, गायीचा विषय ती एकदाही काढत नसे. सकाळी स्तोत्र म्हणत नसे. राजेश्रीने कोनाड्यात देव मांडून दिले होते, त्यांना हात लावत नसे. नवी जागा आहे, रुळेल, असे राजेश्रीने ठरवले. डॉक्टरांचा पत्ता डायरीत तसाच राहिला.

सातचा फोन करण्याचेही आता कारण उरले नव्हते. ज्या माणसाला करायचा ते घरातच होते.

तिसऱ्या दिवशी कामावरून येताना प्रियांका मायला भेटायला म्हणून आली. ती चहा प्यायली, पाया पडली, घटकाभर जवळ बसली. राजेश्री तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा प्रियांका एका पायरीवर थांबली.

"कसं सांगू तुला," ती म्हणाली. "तुझ्या आई अगदी माझ्या आईसारख्या दिसतात. माझी आई गेली त्याला आठ वर्षं झाली. पण तेच डोळे गं. डाव्या भुवईपाशी आमच्या आईला विळ्याची खूण होती, तीसुद्धा."

"मायच्या भुवईपाशी खूण नाही," राजेश्री म्हणाली.

"आहे की. मी आत्ता पाहिली."

"उजेड कमी आहे घरात."

"असेल," प्रियांका म्हणाली. पण ती पुसटशी हसत होती आणि डोळे ओले होते. "मी उद्या पुन्हा येऊ का? सहजच."

९

चौथ्या दिवशी संध्याकाळी भागवतचा फोन आला. राजेश्री गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"अक्का, राग धरलास का?"

"कशाचा राग?"

"मायला न सांगता गेलीस ते. मला वाटलं, माय यायला न्हाई म्हनली म्हनून रागं भरली असंल. म्हनून मी पन तीन दिस फोन न्हाई केला. पर आता ऱ्हावंना गेलं."

"न्हाई कधी म्हणली माय?"

"म्हनली न्हाई. पर काकड्याहून आली तर तू गेलेली. कडी भाईरून. तवापून अन्नाला शिवंना झालीय, अक्का. उंबऱ्यात बसती. कोनी वाढलं तर ताट सरकवती. आज चौथा दिस. डाक्टर सलाईन लावायचं म्हनलाय."

राजेश्रीच्या हातात वाळलेला टॉवेल होता. तिने तो घडी घालून कठड्यावर ठेवला. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"माय तिथं हाय?"

"मंग कुटं असंल? घे, बोल. तुझ्याशी बोलली तर खाईल दोन घास."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, दमलेला, आणि तो श्वास राजेश्रीने ओळखला. ओळखण्यात जराही शंका नव्हती.

"राजी," माय म्हणाली. "दोघी एकदमच गेलात गं."

राजेश्रीने फोन कानाशी घट्ट धरला.

"तुझं मी समजते. तुझी नौकरी हाय. तुझं मी मनाला लावून घेतलं न्हाई." माय धाप लागून थांबली. "पर तिला कामून नेलंस? मी मागून घेतलती तिला. घर खायला उठतंय. तू न्हाई येत तर न्हाई. तिला तरी लावून दे."

खाली रस्त्यावर भाजीची गाडी चालली होती. राजेश्रीने पाठीमागच्या खोलीकडे कान दिला. तिथे अगदी शांत होते, माणूस असलेल्या खोलीत नसते इतके शांत.

"लावून देतीस न्हवं?" माय म्हणाली.

"बघते, माय," राजेश्री म्हणाली, आणि तिनेच फोन बंद केला.

१०

ती पायांचा आवाज न करता दारापर्यंत गेली.

माय सतरंजीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर. कोणी वस्तू नेऊन ठेवावी आणि पुन्हा लागेपर्यंत तिच्याकडे पाहू नये, तशी. पदर हलत नव्हता. खांदे श्वासाने वरखाली होत नव्हते. समोर कोमट तेलाची वाटी होती.

राजेश्रीचा हात चौकटीला लागला. तेवढ्याने खोलीत जणू कळ फिरली. पाठ हलली, खांदे सैल झाले आणि ती बाई वळू लागली. ते वळणे पुरे होण्याआधी, क्षणभर, पदराखालचा चेहरा राजेश्रीने पाहिला. त्यावर डोळे, नाक, ओठ सगळे होते. पण तो अजून कोणाचा झालेला नव्हता. मळून ठेवलेल्या पिठासारखा तो वाट पाहत होता. मग त्याची नजर राजेश्रीच्या नजरेला भेटली आणि तो मायचा झाला. हनुवटीवरच्या गोंदणासकट.

गावी सलाईन लागणार होते. परतीची गाडी आज रात्रीचीच होती. त्या गाडीने हिला घेऊन जायचे, गावच्या उंबऱ्याशी उभे राहून मायला हाक मारायची, हिला तिच्या हाती द्यायचे, आणि उद्या दुपारपर्यंत माय जेवेल. एवढे सरळ होते. राजेश्रीने ते मनातल्या मनात मोजून पाहिले, चुकले नव्हते. मग तिला परवाची संध्याकाळ आठवली, परतल्यावर दिसलेला तो खिडकीतला दिवा आठवला, आणि त्यापलीकडे पाच वर्षे.

तिच्या हातात फोन पुन्हा थरथरू लागला. भागवतचे नाव उमटले, विझले, पुन्हा उमटले. तिने तो पालथा करून दाराशी ठेवलेल्या वाळल्या कपड्यांच्या ढिगाखाली सरकवला.

सतरंजीवर बसलेली ती, काही न बोलता, एका अंगाला सरकली आणि समोर माणूसभर जागा केली.

राजेश्रीने अंबाडा सोडला. तिच्याकडे पाठ करून ती त्या जागेत बसली. बोटे केसांत शिरली, उबदार, टाळूवर नेमकी जिथे हवी तिथे. कपड्यांखालून थरथर अजून ऐकू येत होती.

"माय," राजेश्री म्हणाली, "जरा हळू गं."